बाबा बसतात का?

मुंबईच्या बोरा बाजारात मोबाइल कव्हरांच्या दुकानासमोर पन्नाशीचा एखादा गृहस्थ मान वर करून पाटी वाचताना दिसला, तर खुशाल समजावं, तो शटरराव. पाटीवरच्या ‘कॅमेरा रिपेअर’मधला ‘कॅ’ गळून पडलेला असतो, उरतं नुसतं ‘मेरा रिपेअर’. शटररावाला तेवढं पुरतं. आत शिरून तो विचारतो, “बाबा बसतात का?”

त्याच्या लेखी रोलचा कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याला नाव-गाव नसतं. तो कुणाचा तरी बाबा असतो, आणि हल्ली बसत नसतो. कधी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असतं, कधी हात थरथरतो. एका मुलानं काही न बोलता भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरीकडे बोट केलं. शटररावानं दोन मिनिटं ती न्याहाळली आणि म्हणाला, “रोलवरचाच दिसतोय.”

सगळी धावपळ वडिलांच्या याशिका मॅट १२४ जीसाठी. एकावर एक दोन भिंगं, वरून मान घालून बघायचं, डावं उजवीकडे दिसायचं, आणि १२० च्या रोलवर १२ फोटो. दोष एवढाच, की ५०० ला शटर कसं चोख पडतं, पण एक सेकंदावर लावलं की उघडतं आणि मिटायचं विसरतं. शटरराव भिंगाला कान लावून ते ऐकतो. “सव्वादोन सेकंद,” असं पुटपुटतो तेव्हा चेहरा असा, की घरच्यांनी नातेवाइकांना कळवायला घ्यावं. पावसाळ्यात भिंगाला बुरशी लागू नये म्हणून कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. घरचे पापड सादळतात ते वेगळं.

हा कॅमेरा १९८६ पासून बनत नाही, म्हणजे सुटे भाग दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातूनच काढायचे. त्यामुळे शटरराव सांत्वनाला आला की मला धडकी भरते. पाच मिनिटं गप्प बसतो, पाण्याचा घोट घेतो आणि हळूच विचारतो, “अण्णांकडे एक याशिका होता ना?”

मागच्या महिन्यात अखेर बाबा सापडले. गिरगावातल्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. मी सोबत होतो. म्हाताऱ्यानं स्क्रू-ड्रायव्हरला हातही लावला नाही. एक सेकंदावर ठेवून तीस-चाळीस वेळा नुसतं शटर मारत बसले. पहिल्यांदा ते अडखळलं, मग कण्हलं, मग आतली चाकं सुर्रकन फिरून वेळेवर मिटायला लागलं. “ग्रीस सुकलं होतं. पडून राहिला की असंच होतं. रोल घाला, फोटो काढा,” म्हणाले. पैसे घेतले नाहीत.

जिना उतरताना शटररावाचा चेहरा पाहवत नव्हता. “उघडलासुद्धा नाही रे! माणूस कच्चा आहे.”

“पण चालतोय ना?”

“चालतोय. पण का चालतोय, ते कळायला नको?”

रोल अजून घातलेला नाही. आधी कॅमेरा नीट तर होऊ दे, असं त्याचं म्हणणं. मिरजेत सतारवाल्यांच्या गल्लीमागे कुणी आहे म्हणे. रविवारी निघतोय. फोन करून खात्री केलीय, बाबा दहा ते बारा बसतात.