ओझ्याचे सशुल्क शास्त्र

पाठीवर वजनदार पिशवी बांधून लांबचे अंतर चालण्याच्या व्यायामास सध्या ‘रकिंग’ असे म्हणतात, आणि हाच व्यायाम जेव्हा दहा-वीस अनोळखी माणसे एकत्र येऊन, शनिवार-रविवारच्या सुट्टीत, झोप टाळून व शुल्क भरून करतात, तेव्हा त्यास सांघिक सहनशक्ती उपक्रमाचा दर्जा प्राप्त होतो. या व्याख्येतील निर्णायक घटक कोणता, याविषयी नवशिक्या अभ्यासकाचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे; कारण पाठ, वजन, अंतर, संघ आणि जागरण हे पाचही घटक पुणे जिल्ह्यातील भोर-वेल्हे परिसरात पिढ्यानपिढ्या मुबलक असूनही तेथील रहिवाशांनी आपण रकिंग करीत असल्याचा दावा कधी केलेला नाही. थोड्या विचारांती असे दिसते की, सहावा घटक, म्हणजे शुल्क, हाच या शास्त्राचा प्राण असून, तो नसल्यास उरलेल्या पाचांची गणना केवळ कष्टांत होते.

या शास्त्राचा उगम लष्करी आहे, असे त्याचे पुरस्कर्ते अभिमानाने सांगतात व ते खरेही आहे. पायदळाच्या सैनिकास दारूगोळा, पाणी, अन्न व अंथरूण स्वतःच्या पाठीवरून न्यावे लागते. भारतीय लष्करात ज्या पाठपिशवीला ‘पिठ्ठू’ म्हणतात, ती बांधून चालण्या-धावण्याचा सराव खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील छात्रांनाही करावा लागतो, आणि त्यांच्या खडतर मैदानी शिबिरांपैकी एकाचे नावच ‘कॅम्प तोरणा’ असे आहे. सैनिकास या कामाचे वेतन द्यावे लागते, ही या पद्धतीतील उणीव मात्र अमेरिकेत दूर झाली. तेथील लष्कराच्या विशेष दलात सेवा केलेल्या जेसन मॅकार्थी यांनी २००८ मध्ये पाठपिशव्या बनवणारी ‘गोरक’ ही कंपनी स्थापन केली, २०१० पासून त्या पिशव्यांचा कणखरपणा ग्राहकांच्याच पाठीवर सिद्ध करणारे उपक्रम सुरू केले, आणि अशा रीतीने ओझे वाहणाऱ्याकडूनच मोबदला घेण्याची पद्धत रूढ केली. अर्थशास्त्राने या शोधाची दखल अद्याप पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही.

या उपक्रमांना चढत्या श्रेणी आहेत. सौम्य श्रेणी काही तासांत आटोपते, मधली सुमारे बारा तास, म्हणजे बहुधा रात्रभर, चालते, तर जड श्रेणी २४ तासांच्याही पुढे जाते. एवढ्यानेही ज्यांचे समाधान होत नाही, त्यांच्यासाठी तिन्ही श्रेणी एकाच सुट्टीत लागोपाठ पार पाडण्याची सोय ठेवलेली असते. मधल्या श्रेणीत ज्याचे स्वतःचे वजन १५० पौंडांहून, म्हणजे सुमारे ६८ किलोंहून, कमी आहे, त्याने नऊ किलोंचे आणि त्याहून भारदस्त व्यक्तीने सुमारे साडेतेरा किलोंचे ओझे न्यावे, असा दंडक असून पाणी व खाऊ यांचे वजन त्यात धरत नाहीत. संघाचे नेतृत्व ‘कॅडर’ नावाच्या माजी सैनिकाकडे असते व प्रारंभीच्या व्यायामांनी सहभागींना घामाघूम करून सोडण्याच्या विधीस ‘स्वागत समारंभ’ असे सौजन्यपूर्ण नाव आहे. पाठीवरचे ओझे अपुरे वाटल्यास कॅडर लाकडाचे ओंडके, वाळूची पोती यांसारख्या वस्तू संघाच्या खांद्यावर चढवतो, ज्यांना ‘कूपन’ म्हणतात. तर चांगल्या धडधाकट माणसास अकस्मात जखमी घोषित करून त्याला इतरांकरवी वाहून नेण्याच्या प्रकारास ‘कॅज्युअल्टी कॅरी’ म्हणतात. अखेरीस ज्यांनी हे सर्व सोसले त्यांना कापडाचा एक छोटा बिल्ला मिळतो, जो पुढील खेपेस त्याच पिशवीवर चिकटवता येतो.

या घराण्याची दुसरी शाखा परोपकाराची आहे. हाँगकाँगमधील गुरखा सैनिकांनी १९८१ मध्ये सराव म्हणून १०० किलोमीटरची डोंगरवाट चालण्याचा उपक्रम आरंभला, १९८६ पासून तो नागरिकांना खुला झाला, आणि ऑक्सफॅम या संस्थेने ‘ट्रेलवॉकर’ या नावाने तो अनेक देशांत नेला. चौघांच्या संघाने १०० किलोमीटर अंतर ४८ तासांत एकत्र पूर्ण करून दारिद्र्यनिवारणासाठी निधी गोळा करावा, अशी त्याची रीत असून गेल्या दशकात तो बंगळूर व मुंबई परिसरातही भरवला गेला. गरिबाने चालल्याने त्याचे दारिद्र्य हटत नाही, परंतु सुस्थिताने चालल्यास ते हटू शकते, हे तत्त्व या उपक्रमातून प्रथमच इतक्या स्पष्टपणे पुढे आले.

अशा उपक्रमासाठी प्रारंभस्थान निवडावयाचे झाल्यास भोर तालुक्यातील कामथडीचा विचार अग्रक्रमाने व्हावा. पुणे-सातारा महामार्गावर, नसरापूर व कापूरहोळ यांच्या पट्ट्यात वसलेले हे गाव पुण्याच्या इतके जवळ आहे की, शुक्रवारी संध्याकाळी कार्यालयातून निघालेला माणूस वाहनांच्या रांगेतून सुटल्यास रात्रीच्या स्वागत समारंभास वेळेवर पोहोचू शकतो. एका अंगाला चेलाडी फाट्यावरून नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे, म्हणजे ज्या तालुक्याचे नाव आता राजगड असे करण्यात आले आहे तिकडे, रस्ता जातो. दुसऱ्या अंगाला कापूरहोळहून भोरकडे आणि नारायणपूर-सासवडकडे वाटा फुटतात. पश्चिमेस १,४०३ मीटर उंचीचा तोरणा किल्ला आहे, आणि २०२५ मध्ये ज्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला त्यांपैकी एक असलेला राजगडही आहे. कूपनांसाठी वेगळा खर्च करण्याचे कारण नाही, कारण या भागात उचलण्याजोग्या वस्तूंची टंचाई कधीच नव्हती. टंचाई राहिली ती ओझे खाली ठेवता येईल अशा जागांची.

परिसराची ही अनुकूलता लक्षात घेता स्थानिकांनी या क्षेत्रात नाव का कमावले नाही, हा प्रश्न उरतो. एक लिटर पाणी एक किलो भरते, त्यामुळे पंधरा लिटरचा भरलेला हंडा, भांड्याचे वजन सोडूनही, अमेरिकी नियमांतील भारदस्त गटाची मर्यादा ओलांडतो; तरीही भाटघर, नीरा देवघर आणि गुंजवणी अशी धरणे ज्या दोन तालुक्यांत आहेत, तेथील वाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात एकावर एक हंडे रचून चढ चढतात, तेव्हा त्यास सहनशक्ती म्हणण्याऐवजी पाणीटंचाई म्हणण्याची प्रशासकीय प्रथा आहे. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही स्थिती सरावासाठी किती पोषक आहे, हे अजून कोणत्याही माहितीपत्रकात नोंदवले गेलेले नाही. विद्यार्थ्यांचीही गोष्ट वेगळी नाही. नवशिक्याने शरीराच्या वजनाच्या सुमारे दहा टक्के ओझ्यापासून सुरुवात करावी, असे रकिंगचे शिक्षक सांगतात. आणि २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानेही दप्तराची कमाल मर्यादा नेमकी दहा टक्केच ठरवली आहे. या योगायोगाचा अर्थ असा की, नियम पाळणारे प्रत्येक मूल प्रवेश श्रेणीत आणि नियम न पाळणाऱ्या शाळेतील प्रत्येक मूल प्रगत श्रेणीत आपोआप दाखल झालेले आहे.

राजगडावरील परिस्थिती तर तुलनात्मक अभ्यासास विशेष उपयुक्त ठरते. सुट्टीच्या दिवशी पाठपिशवीत विटा भरून एखादा संघ पद्मावती माचीवर पोहोचतो, तेव्हा तेथे पायथ्याच्या गावातून ताकाचा हंडा घेऊन आलेली बाई त्याच्या आधीच बसलेली असते. तिची साधनसामग्री म्हणजे चुंबळ, अर्थात डोक्यावरचे ओझे स्थिर राहावे म्हणून जुन्या कापडाची वळून केलेली गोल चकती. तिला कमरपट्टा नाही, छातीपट्टा नाही आणि आजीवन हमीही नाही. संघाची वीट वर गेली तशीच खाली येते व त्यातच संघाचे यश मानले जाते. बाईचे ताक मात्र वरच संपावे लागते, नाहीतर तिचा दिवस वाया जातो. दोघांच्या श्रमाची सांगड घालणारी एकच घटना या प्रसंगी घडते, ती म्हणजे संघातील सदस्य ताकाचा भाव जास्त असल्याची तक्रार करतो.

तथापि सर्वाधिक साम्य आढळते ते कॅज्युअल्टी कॅरी या प्रकारात. भोर व वेल्ह्याच्या ज्या डोंगरवस्त्यांपर्यंत गाडीरस्ता पोहोचलेला नाही, तेथे आजारी माणसास किंवा बाळंतपणाच्या वेणा सुरू झालेल्या बाईस झोळीतून, म्हणजे बांबूला दोन्ही टोकांनी बांधलेल्या चादरीतून वा घोंगडीतून, रस्त्यापर्यंत आणावे लागते. दोघे बांबूस खांदा देतात, उरलेले पाळीपाळीने खांदा बदलतात, आणि एक जण पुढे विजेरी धरतो. संघभावना, रात्रीची वाटचाल, पाऊस, चिखल, वेळेची मर्यादा ही सर्व अंगे येथे अमेरिकी मापदंडाहून काकणभर सरस आहेत. फरक एवढाच की, येथील जखमी व्यक्तीची निवड कॅडर करीत नाही, ती व्यक्ती अंतिम रेषेपाशी उठून टाळ्या वाजवीलच याची हमी नसते, आणि वेळेत न पोहोचलेल्या संघास पुढील वर्षी पुन्हा प्रयत्न करा असे सांगता येत नाही. या भागातील पावसाळी बातम्यांत असे प्रसंग अधूनमधून झळकतात व त्यांची शीर्षके सामान्यतः कारुण्यपूर्ण असतात; त्याच चार खांद्यांना शहरात प्रेरणादायी म्हटले जाते.

सांघिक भारवहनाची परंपरा महाराष्ट्रात स्वेच्छेचीही आहे, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल. कामथडीच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातून, सासवड परिसरातून, भुतोजी तेली यांची मानाची कावड दर चैत्रात शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवास जाते. कऱ्हेचे पाणी भरलेली ती अवजड कावड उभ्या मुंगी घाटातून दोरांच्या आधारे व मानवी साखळी करून वर चढवली जाते, आणि शुद्ध द्वादशीस त्या पाण्याचा अभिषेक होतो. दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड अशी दोन दिवसांची पदभ्रमंतीही होते, जिचा आधार १६६० च्या जुलैमधील ती रात्र आहे, जेव्हा हिरडस मावळातील, म्हणजे भोरकडील, बांदलांच्या मावळ्यांनी बाजीप्रभूंच्या नेतृत्वाखाली शिवाजी महाराजांना पालखीतून विशाळगडाकडे नेले. आजच्या पदभ्रमंतीत सहभागींचे सामान बहुधा टेम्पोतून मुक्कामी पोहोचते, आणि इतिहास मात्र खांद्यावरून वाहिला जातो. पालखी वाहणाऱ्या भोयांची नावे विचारल्यास घोषणा देणाऱ्यांचा आवाज जरा खाली येतो, एवढे निरीक्षण पुरेसे आहे.

ओझ्याच्या या विविध प्रकारांची व्यवस्थित वर्गवारी करावयाची झाल्यास कायद्याचे साहाय्य घ्यावे लागते. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, कारण जो डोक्यावर वा पाठीवर माल वाहतो त्यास मजुरीची हमी, भविष्य निर्वाह निधी व इतर लाभ मिळावेत, असे त्या काळी वाटत होते. पुण्याच्या हमाल पंचायतीने बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली शंभर किलोंचे पोते पन्नास किलोंवर आणण्याची मागणी लावून धरली, हाही त्याच विचाराचा भाग होता. म्हणजे एका वर्गाने ओझे कमी व्हावे म्हणून संप करावेत आणि दुसऱ्याने ते वाढावे म्हणून नोंदणी करावी, असे श्रमविभागणीचे सुंदर संतुलन राज्यात साधले गेले आहे. या दोन वर्गांना वेगळे करणारा घटक शुल्क हा आहे, असे आरंभी म्हटले होते, परंतु ते अंतिम विश्लेषण नव्हे. शुल्क ही केवळ पावती आहे, आणि ती ज्या वस्तूची आहे ती वस्तू म्हणजे रविवारी संध्याकाळी ओझे उतरवून ठेवण्याचा अधिकार. हा अधिकार ज्याच्यापाशी आहे त्याचे नऊ किलो पराक्रमात जमा होतात, आणि ज्याच्यापाशी नाही त्याचे तीस किलोही नशिबाच्या खाती पडतात.

वजन घेऊन चालणे प्रकृतीस हितकारक आहे व ते करणाऱ्याची थट्टा करण्याचे कारण नाही. तेव्हा या शास्त्राच्या स्थानिक विकासासाठी काही सूचना करणे उचित ठरेल. पहिली सूचना अशी की, कामथडीहून निघणाऱ्या संघांना कूपन म्हणून वाळूच्या पोत्याऐवजी सिमेंट व खडी द्यावी आणि अंतिम रेषा ज्या वस्तीचा रस्ता कागदावर आहे तेथे आखावी. दुसरी अशी की, कॅज्युअल्टी कॅरीचा मार्ग त्याच वस्तीपासून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत ठेवावा, जखमीच्या भूमिकेत एखाद्या लोकप्रतिनिधीस झोपवावे, आणि लागलेला वेळ जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागास लेखी कळवावा. तिसरी अशी की, हंडा, भारा, मोळी वा झोळी वाहिलेल्या प्रत्येक रहिवाशास पूर्वानुभवाच्या आधारे एकदमच जड श्रेणीचा बिल्ला द्यावा, मात्र त्याकरिता त्याच्याकडून वयाचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र व आपल्या जबाबदारीवर ओझे वाहत असल्याचे हमीपत्र भरून घेण्यास विसरू नये. या सूचनांचा एक दुष्परिणाम संभवतो, तो असा की, रस्ता खरोखरच झाल्यास झोळी बंद पडेल आणि या मार्गाची काठिण्यपातळी घसरेल. तसे घडल्यास पहिली तक्रार वस्तीवरून येणार नाही, याविषयी तज्ज्ञांत मतभेद असण्याचे कारण दिसत नाही.