वाहन नसलेले वाहन

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ या ग्रंथाचे पारायण सहसा कोणी हौसेने करीत नाही; परंतु ज्याला वेदान्ताची ओढ आहे आणि संस्कृताची धास्ती आहे अशा माझ्यासारख्या निवृत्त कारकुनाने त्यातील दुसऱ्या नियमाचे 'यू' हे पोटकलम अवश्य वाचावे. विजेवर चालणाऱ्या ज्या दुचाकीच्या मोटारीची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, जिचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी वगळता जिचे वजन ६० किलोंपेक्षा अधिक नाही, आणि जिच्या पुढे एक पांढरा व मागे एक तांबडा परावर्तक बसविलेला आहे, ती दुचाकी मोटार वाहन समजली जाणार नाही, असे त्याचे तात्पर्य. तिला नोंदणी नको, नंबरपाटी नको, विमा नको; ती हाकणाऱ्यास परवाना नको आणि डोक्यावर शिरस्त्राणाची सक्तीही नको. परब्रह्माचे वर्णन 'हे नव्हे, तेही नव्हे' असे करण्याची आपल्या ऋषींची रीत होती. तीच पुढे दिल्लीतील परिवहन खात्याच्या दप्तरात सुरक्षित राहिली, हे पाहून भारतीय संस्कृतीच्या अखंडत्वाविषयी माझी खात्री पटली.

या वस्तूच्या साक्षात्कारासाठी हिमालय गाठावा लागत नाही. वाकड, रहाटणी, पिंपळे सौदागर किंवा रावेत येथील कोणत्याही चौकात सायंकाळी सातच्या सुमारास उभे राहावे. पाठीवर चौकोनी पेटाऱ्याएवढी पिशवी, हँडलवर चिकटविलेला मोबाइल आणि मुद्रेवर एकाच वेळी घाई व वैराग्य, असे तरुण या दुचाक्यांवरून आवाज न करता सरकताना दिसतात. त्यांतले पुष्कळसे लातूर, नांदेड, परभणीकडचे. आयटीआय करून चाकणच्या एखाद्या कारखान्यात ठेकेदारामार्फत लागायचे, काही महिन्यांनी ठेकेदाराने 'ब्रेक' द्यायचा (या मुलखात ब्रेक म्हणजे गाडीचा नव्हे, पोटाचा), आणि मग दुसरीकडे नंबर लागेपर्यंत आठवड्याच्या भाड्याने ही दुचाकी घेऊन लोकांच्या घरी पनीर आणि पेनकिलर पोहोचवायचे, असा त्यांचा क्रम. शासनाने याही गृहस्थांची दखल घेतली आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये 'गिग कामगारा'ची जी व्याख्या आहे, तिच्यानुसार मालक-नोकर या पारंपरिक संबंधाच्या बाहेर राहून जो काम करतो व कमावतो, तो गिग कामगार. म्हणजे येथेही प्रथम तो काय नव्हे हे ठरले. अशा रीतीने वाहन नव्हे अशा वाहनावर बसून, नोकर नव्हे असा इसम, गिऱ्हाइकाला आत पाऊल टाकता येत नाही अशा दुकानातून निघतो, आणि आमच्या दारात कोथिंबिरीची जुडी मात्र खरीखुरी येऊन पडते.

हे सर्व पिंपरी-चिंचवडात घडावे याचे मला विशेष वाटते. येथे दुचाकी ही नुसती वापरली जात नसे, ती जन्माला येत असे. आकुर्डीला बजाज मंडळी साठच्या दशकात इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा बनवीत. तो करार १९७१ साली सरला आणि १९७२ साली राणा प्रतापांच्या अश्वाचे नाव धारण करून चेतक अवतरली. त्याच साली फिरोदियांची लुनाही आली. त्या काळी स्कूटर विकत घेतली जात नसे, तिची नोंदणी होत असे, आणि नोंदणी व प्राप्ती यांच्यामध्ये वर्षांमागून वर्षे लोटत. मुलाच्या मुंजीच्या वेळी नोंदविलेली स्कूटर त्याच्या लग्नात मिळाली असे सांगणारे लोक आमच्या प्राधिकरण वसाहतीत अजून हयात आहेत, आणि त्यांच्या बोलण्यात तक्रारीपेक्षा अभिमानच अधिक असतो. अशी दुष्प्राप्य वस्तू दारी आल्यावर तिचे रुसवेही सोसावे लागत. सकाळी ती चालू होत नसे. मग घरच्या कर्त्या पुरुषाने तिला एका कुशीवर कलते करून पेट्रोल कार्बुरेटरकडे वळवायचे, पुन्हा उभी करायची आणि किक मारायची. आणि अखेर ती जो खोकला काढी, तो ऐकून सबंध आळीला कळे की अमुक साहेब पहिल्या पाळीला निघाले.

आज त्याच आकुर्डीत, त्याच जुन्या चेतकच्या जागेवर, जून २०२२ पासून विजेची चेतक तयार होते. ती २०१९ च्या ऑक्टोबरात जाहीर झाली आणि पुढल्या जानेवारीत पुण्यात व बंगळुरात विक्रीस आली; लुनानेही २०२४ साली विजेच्या रूपाने पुनर्जन्म घेतला. चेतक हे कायद्याच्या दृष्टीने रीतसर वाहन आहे, हिरव्या पाटीचे आणि परवान्याचे. पण त्याच बजाजच्या एका उपकंपनीने युलू या भाड्याने दुचाक्या देणाऱ्या कंपनीसाठी २०२३ साली मालाच्या पोहोचवणुकीची जी दुचाकी काढली, ती मात्र वर सांगितलेल्या निर्गुण संप्रदायातली. एकाच घराण्यात एक भाऊ सगुण आणि दुसरा निर्गुण निघावा, तसा हा प्रकार.

या निर्गुण दुचाकीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिचे मौन, आणि त्याचा सर्वांत मोठा आघात सोसला आहे तो आमच्या गल्लीतील कुत्र्यांनी. स्कूटरच्या मागे भुंकत धावणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. त्यासाठी लागणारी आगाऊ सूचना सायलेन्सर देत असे. आता चाकाच्या तुंब्यातच मोटार बसवलेली, ना साखळी, ना धूर, ना आवाज. दुचाकी दिसेपर्यंत ती निघून गेलेली असते, आणि कुत्री एकमेकांकडे पाहत उरतात. पहाटे फिरायला निघणाऱ्या आम्हा ज्येष्ठ नागरिकांचीही अवस्था काही निराळी नाही, फक्त आम्ही नंतर भुंकतो.

आता कंपन्यांनी गिऱ्हाइकांना दिलेल्या, दहा मिनिटांत सामान घरपोच करण्याच्या वचनाचा हिशेब पाहू. ताशी २५ किलोमीटर या वेगाने दहा मिनिटांत अंतर कापले जाते ते चार किलोमीटरांहून किंचित अधिक, आणि तेही वाटेत सिग्नल, गतिरोधक, लग्नाची वरात, चर खणणारे महापालिकेचे ठेकेदार, आमच्या सोसायटीचे फाटक आणि लिफ्ट यांपैकी काहीच नसेल तर. वचन देणारा दूर वातानुकूलित कचेरीत बसतो आणि ते पाळण्याचे काम या दुचाकीस्वाराकडे येते; दशरथ व राम यांच्यामधली कामाची ही विभागणी जुनीच आहे. त्यामुळे सेवारस्त्याने उलटे येणे, पदपथावर चढणे, दोन टेंपोंच्या मधल्या फटीतून आरपार होणे, असे मार्ग पत्करले जातात. मी त्यांचे समर्थन करीत नाही. पण कोथिंबीर अकरा मिनिटांनी आली म्हणून ज्यांनी एक तारा कमी दिला, त्यांनी या प्रश्नावर वर्तमानपत्रात पत्रे लिहू नयेत, एवढे माझे मत आहे.

काही कारागीर कंट्रोलरमधील वेगाची वेसण सैल करून देतात, आणि तेथे कायद्याचा अद्वैतवाद खरा कसाला लागतो. काटा चोविसावर आहे तोवर स्वार एका अवाहनावर बसलेला निष्पाप नागरिक असतो. तो तिसावर गेला की त्याच क्षणी, त्याच खोगिरावर, तो विनापरवाना, विनानोंदणी, विनाविमा व विनाशिरस्त्राण असा चार गुन्ह्यांचा धनी होतो. अशा फेरफार केलेल्या दुचाक्यांविरुद्ध राज्याच्या परिवहन आयुक्तांनी २०२२ साली मोहीम उघडली होती. चाकणात मात्र अशा मोहिमेची मला फारशी निकड दिसत नाही. आळंदी फाट्यापासून तळेगाव चौकापर्यंत कंटेनर, कामगारांच्या बसगाड्या, कांद्याच्या बाजाराकडे निघालेले टेंपो आणि जर्मन बनावटीच्या नव्या कोऱ्या मोटारी वाहून नेणारे ट्रेलर अशा काही भक्तिभावाने एकमेकांस चिकटून उभे असतात, की तेथे पंचविसाची मर्यादा मोडण्यास पात्र असे वाहन संध्याकाळी सापडणे कठीण. १६६० साली शाहिस्तेखानासारख्या बड्या सरदाराला चाकणच्या संग्रामदुर्गापुढे सुमारे दोन महिने मुक्काम करावा लागला तो फिरंगोजी नरसाळ्यांच्या पराक्रमामुळे, हे निर्विवाद. पण आंबेठाण चौकात अडकलेल्या ट्रकचालकाला खानाविषयी जी आपुलकी वाटते, तीही मी समजू शकतो. त्या गर्दीतून सुखरूप बाहेर पडतो तो फक्त हा अवाहनधारी. सूक्ष्म शरीराला भिंती अडवीत नाहीत म्हणतात, त्यातला प्रकार.

त्याला अडवितो तो आमचा रखवालदार. हे गृहस्थ माण तालुक्याचे, फौजेतून निवृत्त झालेले, आणि लिखित हुकमाखेरीज दुसरे काही न मानणारे. एका पावसाळी रात्री लातूरकडचा एक पोरगा भिजत फाटकाशी उभा होता आणि दुचाकी आत, छपराखाली लावू देण्याची याचना करीत होता.

"पाटी वाच की," रखवालदार म्हणाले. "भाईरच्या वाहनास्नी आत येनं मना हाय."

"मामा, ह्ये वाहन नाही हो. लायसन लागत नाही, नंबर नाही ह्याला. काका, तुम्ही तर सांगा ह्यांना!"

मी तत्काळ दुसऱ्या नियमाचे 'यू' पोटकलम अर्थासह विशद केले. रखवालदारांनी ते शांतपणे ऐकून घेतले, दुचाकीभोवती एक प्रदक्षिणा घातली, पुढचा पांढरा व मागचा तांबडा परावर्तक तपासला, आणि निकाल दिला.

"वाहन न्हाई ना? मंग सामान झालं. सामान मागल्या लिफ्टनं न्यायचं."

"मामा, न्या मग वर," पोरगा हसत म्हणाला. "तेवढीच चार्जिंग तरी होईल. दोनच काड्या राहिल्यात."

सर्वोच्च न्यायालयात खपेल असा तो निकाल होता आणि त्यावर अपील करण्याची माझी छाती झाली नाही. मात्र त्या दोन काड्यांची गोष्ट मनात राहिली, म्हणून आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे मी एक ठराव मांडला: सामान पोहोचविणाऱ्यांना पुढील लिफ्ट वापरू द्यावी, फाटकापाशी एक बाक आणि विजेचा एक प्लग द्यावा. अशी एक लहान बॅटरी भरण्यास साधारण दीड युनिट वीज पुरते, हेही मी निवेदन केले. चिटणीसांनी हरकत घेतली की उपविधीत तरतूद आहे ती सभासदांच्या वाहनांना वीज देण्याची. येथे तर सभासदही नाही आणि, श्री. अमुक यांनीच रखवालदारांपुढे प्रतिपादन केल्याप्रमाणे, वाहनही नाही. खजिनदारांना हा खर्च कोणत्या सदराखाली टाकावा हे उमगेना. ज्या कारंज्यावर आजवर एकही चिमणी पाणी प्यायला आलेली नाही, त्याचे रंगीत दिवे रात्रभर जळतात ते कोणत्या सदराखाली, असे मी विचारले. तेव्हा अध्यक्षांनी विषयपत्रिकेबाहेरचे बोलू नये अशी समज दिली. चर्चा ऐन रंगात आली असता एका सभासदांच्या नावाने सव्वाशे सामोसे आले, आणि ते आणणाऱ्या इसमास पुढील लिफ्टने वर येऊ देण्यास कोणाचीच हरकत निघाली नाही.

ठराव गणसंख्येअभावी तहकूब ठेवला आहे, कारण निम्मे सभासद सामोसे घेऊन घरी गेले. पुढील सभा याच महिन्यात भरेल. वाचकांपैकी कोणी आमच्या सोसायटीचे सभासद असतील तर त्यांनी जातीने हजर राहावे, खाणे शेवटी घ्यावे आणि प्लगच्या बाजूने हात वर करावा, ही नम्र विनंती.