चुकीच्या दुकानात

अमेरिकेतल्या मराठी माणसांत एक जमात आहे. तिच्यातल्या कुणालाही "आम्ही परवा शिकागोला जाऊन आलो" असं सांगून बघा. हवा कशी होती, मुलं कंटाळली का, तिथला तुमचा मावसभाऊ अजून बोलतो का तुमच्याशी, यातलं तो काहीही विचारणार नाही. डोळे बारीक करून एवढंच विचारेल, "पिझ्झा कुठं खाल्लात?" तुम्ही भाबडेपणानं नाव सांगता. मग तो डोळे मिटतो, लांब श्वास सोडतो आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतो त्या आवाजात म्हणतो, "चुकीच्या दुकानात गेलात."

दुकान कुठलंही असो, निदान ठरलेलं. एकदा मी मुद्दाम, सहा महिन्यांपूर्वी त्यानंच सुचवलेल्या दुकानाचं नाव घेतलं. "तिथं?" तो म्हणाला. "संपलं ते. हल्ली गल्ल्यावर मुलगा बसतो."

या जमातीला मी 'अस्सलकर' म्हणतो. आमच्या न्यू जर्सीत असे चार अस्सलकर आहेत आणि चौघांचं एकमेकांशी पटत नाही. मी सांगतोय तो आमच्या शेजारचा. मूळचा पुण्याचा, पोटापाण्यासाठी संगणकावर बसतो, पण त्याच्या लेखी ती फक्त पुढच्या सहलीचं पेट्रोल भरण्याची सोय. अमेरिकेचा नकाशा त्याच्या डोक्यात तेलाच्या डागांनी काढलेला आहे. सेंट लुईसची ६३० फुटांची कमान त्यानं धावत्या गाडीतून पाहिली, कारण मुक्काम होता 'द हिल' या इटालियन वस्तीत. तिथं रॅव्हिओली उकडत नाहीत, तळतात. तळून वर त्याला 'टोस्टेड' म्हणतात. "कमान काय, ती कुठं जाते?" हा त्याचा सवाल. रॅव्हिओलीही कुठं जात नव्हती, पण ते बोलायची सोय नव्हती.

अस्सल दुकान ओळखण्याच्या त्याच्या कसोट्या पक्क्या आहेत. दुकान हमरस्त्यापासून दूर हवं. खुर्चीचा एक पाय आखूड हवा. ताट असू नये, कागद असावा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मालकानं हसू नये. दारातच कुणी हसतमुखानं "या, बसा" म्हटलं, की अस्सलकर आल्या पावली मागं फिरतो.

म्हणूनच टेक्सासमधल्या लॉकहार्ट गावी त्याचे डोळे पाणावले. ऑस्टिनहून अर्ध्या-पाऊण तासावरचं हे छोटं गाव. जर्मन वळणाच्या खाटीक-दुकानांत उरलेलं मांस लाकडाच्या धुरावर भाजून विकायची रीत या भागात रुजली आणि तिचंच पुढं टेक्सास बार्बेक्यू झालं. तिथलं क्रॉइझ मार्केट १९०० सालचं. वर्षानुवर्षं त्यांचा नियम होता: सॉस मिळणार नाही, काटेचमचेही मिळणार नाहीत. मांस तपकिरी कागदावर तोलून देणार, ते हातानं खायचं. अशा दुकानांत माल संपला की दुकान बंद. तुम्ही तीनशे मैलांवरून आलेले असलात तरी. अस्सलकर तिथं देवळात उभा राहावा तसा उभा होता. "अरे, अगदी सदाशिव पेठ रे!" तो पुटपुटला.

कनेटिकटमधल्या न्यू हेवनला हाच साक्षात्कार पुन्हा झाला. लुईज लंच हे १८९५ पासूनचं दुकान हॅम्बर्गर बनमध्ये देतच नाही, टोस्टमध्ये देतं. केचप मागितलं तर मिळत नाही. "गिऱ्हाइकाला काय हवं ते गिऱ्हाइकाला कळत नसतं," अस्सलकर म्हणाला, "हे तत्त्व जगात दोनच ठिकाणी शिल्लक आहे. एक आपल्याकडं, एक इथं."

इथं एक नाजूक गोष्ट सांगायला हवी. अस्सलकर बीफ खात नाही. अमेरिकेला निघताना आईला तसा शब्द दिलाय. आईनं फक्त गाईचं नाव घेतलं होतं, बाकीच्या प्राण्यांबद्दल ती काही बोलली नव्हती, त्यामुळं त्यांच्या बाबतीत त्याला मोकळीक आहे. पण अमेरिकेच्या खाण्याच्या नकाशावर जिथं तिथं नेमकी गायच बसलेली. टेक्सासचं ब्रिस्केट, फिलाडेल्फियाचं चीजस्टेक, शिकागोचं इटालियन बीफ, न्यू हेवनचा हॅम्बर्गर. या चारही विषयांवर अस्सलकर अधिकारवाणीनं बोलतो आणि चारांतल्या एकाचाही घास त्यानं कधी घेतलेला नाही. लॉकहार्टला त्यानं माझ्या मुलाला समोर बसवलं. स्वतः डुकराची बरगडी चोखत त्याची तोंडी परीक्षा सुरू. "कडेला गुलाबी रेघ आहे ना? तो धूर. आता काप बोटावर टांग. वाकला पाहिजे, तुटता कामा नये. वाकला? हां! आता खा. सावकाश. काय वाटतंय?" माझा मुलगा म्हणाला, "गुड." अस्सलकरनं कपाळाला हात लावला. बारा-चौदा तास मंद धगीवर भाजलेल्या ब्रिस्केटची ही बोळवण! नुसत्या वासावर पीएच.डी. झालेला हा जगातला एकमेव माणूस असावा.

त्याचं बोलणंही साधं नसतं. ते कीर्तन असतं. पूर्वरंग रांगेत होतो, उत्तररंग पानावर. न्यू ऑर्लिन्सला आमच्यासमोर पो-बॉय येऊन पडलं होतं. बाहेरून कुरकुरीत, आतून कापसासारखा फ्रेंच पाव आणि त्यात काठोकाठ तळलेली कोळंबी. मी हात पुढं केला, तर त्यानं तो वरच्या वर अडवला. "१९२९ साल. गावातले ट्रामवाले संपावर गेले. मार्टिन नावाचे दोघे भाऊ, पूर्वी स्वतः ट्रामवर कंडक्टर, आता खानावळवाले. त्यांनी जाहीर केलं, संप मिटेपर्यंत आमच्या जुन्या सोबत्यांना फुकट खायला घालू. दारात संपकरी दिसला, की म्हणायचे, आला बघ आणखी एक गरीब पोरगा. पुअर बॉय! त्याचं झालं पो-बॉय." कथा उत्तमच आहे. पण तिला युनियनच्या मागण्या, वाटाघाटी, लांबट पाव का घडवावा लागला असे पोटविभाग आहेत. कोळंबी गार झाली. बुक्का लावून आरती फिरवायचीच काय ती बाकी होती.

या सगळ्या यात्रेत वहिनी असतात. वहिनी शुद्ध शाकाहारी. अस्सलकरनं मांसाची अमेरिका पाहिली, वहिनींनी तोंडीलावण्याची. कोबीची कोशिंबीर, बटाट्याच्या काचऱ्या, काकडीचं लोणचं आणि शेवटी गोडाचा 'पाय', एवढ्यावर त्यांनी वीसेक राज्यं पार केली. दक्षिणेत तर पालेभाजीही विचारून घ्यावी लागते. कोलार्डची भाजी म्हणून मागवावी, तर तळाशी डुकराचं हाडूक निघतं. म्हणून त्यांच्या पर्समध्ये दशम्या आणि चटणीची डबी असते. अस्सलकरचा हुकूम असा, की अस्सल दुकानात डबी उघडायची नाही. वहिनींनी तो हुकूम कधी मोडला नाही आणि कधी मानलाही नाही. डबी मांडीवर ठेवून उघडतात.

पण शेवटचा शब्द त्यांचाच असतो. ओहायोतल्या सिनसिनाटीला चिली खातात ती स्पगेटीवर ओतून. वर चीज घातलं की थ्री-वे, कांदा किंवा घेवडा घातला की फोर-वे, दोन्ही घातले की फाइव्ह-वे. १९२२ साली मॅसेडोनियातून आलेल्या भावांनी तिथं पहिलं दुकान काढलं आणि आपल्या मुलखातले मसाले अमेरिकेच्या खिम्यात घातले. इथंही पुन्हा गाय. तेव्हा अस्सलकरनं शेजारच्या टेबलावरच्या वाफेत नाक घातलं. "दालचिनी... लवंग... अगं, हा तर गोडा मसाला!" आजूबाजूची चार माणसं वळून बघायला लागली. वहिनींनी दुरूनच वास घेतला. "दगडफूल नाही," त्या म्हणाल्या. खटला निकाली.

सँटा फेला तर त्यांनी मैदानच मारलं. न्यू मेक्सिको या राज्याला स्वतःचा अधिकृत प्रश्न आहे आणि तो विधिमंडळानं ठरवलेला आहे: लाल की हिरवी? म्हणजे मिरचीचा रस्सा कुठला वाढू? शरद ऋतूत तिथं रस्त्याकडेला जाळीची पिंपं फिरवत हिरव्या मिरच्या भाजतात आणि बाजारभर तो वास सुटतो. अस्सलकरचं हॅच खोऱ्यातल्या मातीवर निरूपण चाललं होतं. वहिनींचे डोळे मिटलेले. "आजी चुलीत मिरच्या भाजायची ठेच्यासाठी," त्या एवढंच म्हणाल्या. वाढणारी बाई आली, तिनं तो अधिकृत प्रश्न विचारला, अस्सलकर उत्तराची प्रस्तावना करतोय तोवर वहिनी म्हणाल्या, "दोन्ही."

"ख्रिसमस!" बाई खूश झाली. दोन्ही रस्से अर्धे-अर्धे हवे असतील, तर तिथं असंच म्हणतात. वहिनींना ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं आणि अस्सलकरला ठाऊक असून सांगता आलं नाही. वहिनींनी चीजच्या एंचिलाडा संपवल्या, मग डबी सरळ टेबलावर ठेवली आणि दशमीनं ताट पुसून घेतलं. बाईनं कुतूहलानं विचारलं, "ही कुठली तोर्तिया?"

"साताऱ्याची," वहिनी म्हणाल्या.

माझी स्वतःची अब्रू गेली ती बाल्टिमोरला. मी मालवणचा. कुर्ली कशी खावी हे मला दात यायच्या आधी कळलंय. तिथं टेबलावर कागद अंथरतात, त्यावर वाफवलेल्या खेकड्यांचा ढीग ओततात आणि प्रत्येकाच्या हाती एक लाकडी हातोडी देतात. मी सवयीनं नांगी दाताखाली धरली. "हातोडी!" अस्सलकर ओरडला. "इथं हातोडीनं खातात." पुण्याच्या माणसानं मालवणच्या माणसाला कुर्ली खायला शिकवावी, हा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये. त्यात सगळा मसाला कवचाच्या बाहेरून थापलेला, आत नुसतं मांस. बोटांना लागतो तेवढाच मसाला तोंडात जातो. मी म्हटलं, "आमच्याकडं मसाला खेकड्याला लावतात, गिऱ्हाइकाला नाही."

"हा ओल्ड बे," अस्सलकर गंभीरपणे म्हणाला. "बाल्टिमोरचा आत्मा. गुस्ताव ब्रुन नावाच्या ज्यू मसालेवाल्यानं केला. नाझी जर्मनीतून जीव वाचवून इथं आला, तेव्हा येताना मसाले दळायचं छोटं यंत्र बरोबर आणलं होतं."

एवढ्या वेळात प्रथमच सगळे गप्प झाले. हातोड्याही थांबल्या. मग वहिनी म्हणाल्या, "मीपण मिक्सर घेऊनच आले होते. इथल्या विजेवर चालेना, म्हणून तो जड डबा घ्यावा लागला ट्रान्सफॉर्मरचा."

"त्याचा इथं काय संबंध?" अस्सलकर म्हणाला.

आता त्याच्या स्वतःच्या घरातली मिसळ. मटकीला मोड आणतात ते ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवून, कारण जानेवारीत स्वयंपाकघरात मोड येण्याइतकी ऊब नसते. पाव म्हणून बटाट्याचे गोडसर रोल. फरसाण एडिसनच्या ओक ट्री रोडवरून येतं. पण एका बर्फाच्या शनिवारी गाडी निघेना आणि घरात फरसाण नव्हतं, तेव्हा वहिनींनी टॉर्टिया चिप्स चुरून घातल्या. पोरांना त्या आवडल्या, त्या कायमच्या बसल्या. कट मुलांसाठी सौम्य केला होता, मुलं मोठी झाली तरी तो तिखट व्हायचा राहिला. पाहुणे जेवायला बसले, की अस्सलकर दर वेळी ओशाळून सांगतो, "आज जरा तडजोड आहे हं." ही 'आज'ची तडजोड आता बावीस वर्षांची झाली. त्याच्या मुलीनं कॉलेजच्या खोलीत तीच मिसळ करून मैत्रिणींना चटक लावली.

ही मुलगी यंदा एकटीच भारतात जाऊन आली. पुण्याला आजीकडं, तिथून कोल्हापूर. ती परत आली त्या रविवारी आम्ही सगळे त्यांच्याकडं होतो. टेबलावर मिसळच होती. तिनं बॅगा नीट उघडल्याही नव्हत्या, तर अस्सलकर डोळे बारीक करून पुढं सरसावला. पंचवीस वर्षं तो या एका प्रश्नासाठी थांबला असावा.

"कोल्हापुरात मिसळ खाल्लीस?"

"खाल्ली ना. चांगली होती, बाबा." ती जरा घुटमळली. बापाला वाईट वाटेल की काय, असं वाटलं असावं. "पण अस्सल नव्हती."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"म्हणजे पाव गोड नव्हता. वर चिप्स नव्हत्या, काहीतरी शेवेसारखं होतं. आणि कट इतका तिखट, की चवच लागेना. आपल्यासारखी नाही जमली त्यांना."

अस्सलकर माझ्याकडं बघायला लागला. मी माझ्या मिसळीकडं बघायला लागलो. दारात पदराला हात पुसत वहिनी उभ्या होत्या आणि त्यांचं तोंड अगदी खटला निकाली काढल्यासारखं झालं होतं.

अस्सलकरनं डोळे मिटले. लांब श्वास सोडला.

"चुकीच्या दुकानात गेलीस," तो म्हणाला, आणि वाडग्यातल्या मूठभर चिप्स चुरून तिच्या बशीत टाकल्या.