ऑगस्टा, मार्गे चारोटी नाका

गोल्फचे चाहते दोन प्रकारचे. एक खेळणारे आणि दुसरे आमचे दाजी. दाजींनी गोल्फचा चेंडू मारल्याचं आजवर कुणी पाहिलेलं नाही. पण एप्रिल उजाडला की पुण्यातल्या त्यांच्या घरी चार रात्री हॉलमधला दिवा विझत नाही. ‘यांचं नवरात्र बसलं,’ असं ताई शेजाऱ्यांना सांगते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात ऑगस्टा नावाच्या गावी ‘मास्टर्स’ स्पर्धा असते, तिथली रविवारची संध्याकाळ म्हणजे आपली सोमवारची पहाट. त्यामुळे खऱ्या चाहत्याची सगळी भक्ती अंधारातच होते.

दाजींकडे आठवणींचा साठा मोठा. 1986 साली जॅक निकलस 46 व्या वर्षी मास्टर्स जिंकला, तो शेवटचा दिवस ते असा सांगतात की ऐकणाऱ्याच्या बुटाला गवत लागावं. वास्तविक 1986 साली दाजींकडे एकच वाहिनी दिसायची आणि तिच्यावर संध्याकाळी ‘आमची माती आमची माणसं’ असायचं. हे मी एकदा बोललो. दाजी म्हणाले, ‘‘आठवायला बघावंच लागतं असं कुठे आहे?’’

2025 साली मास्टर्स आली 10 ते 13 एप्रिलला आणि हनुमान जयंती 12 ला. म्हणजे डहाणूच्या महालक्ष्मीची यात्राही त्याच दिवशी सुरू. बी.एड.पासूनचा माझा एक मित्र तलासरी तालुक्यात शिक्षक आहे, सगळे त्याला गुरुजीच म्हणतात. ‘यात्रेला या, दाजींनाही आणा,’ असा त्याचा निरोप आला. ताईने दाजींची पिशवी स्वतः भरली. उरलेल्या दोन रात्री तरी दिवा बंद राहणार, हा तिचा हिशेब.

दाजी निघाले ते हातात सेव्हन आयर्न घेऊन. पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेली ही गोल्फची काठी ते फिरताना टेकायला वापरतात, मात्र उलटी, म्हणजे लोखंडी डोकं मुठीत. विरारला डहाणू लोकलमध्ये चढल्यापासून डब्यातला प्रत्येक जण त्या काठीकडे पाहत होता. सफाळ्यानंतर घोलवडच्या एका चिकूवाल्याने धीर करून विचारलं, ‘‘साप मारायची का?’’

एवढं निमित्त पुरलं. केळवे रोडपर्यंत दाजींनी त्याला झां व्हान द वेल्डची कथा सांगितली. 1999, स्कॉटलंडमधलं कार्नुस्टी, ब्रिटिश ओपन. शेवटचा होल उरलेला, तीन फटक्यांची आघाडी. सहा फटके लागले असते तरी चषक फ्रान्सला जात होता. या गृहस्थाने चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडवर आपटवला, तिथून उंच गवतात आणि गवतातून ओढ्यात. मग बूटमोजे काढून, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः ओढ्यात उतरला आणि कमरेवर हात ठेवून पाण्यातल्या चेंडूकडे पाहत राहिला. लागले सात. तिघांची बरोबरी झाली, प्लेऑफ झाला आणि जिंकला पॉल लॉरी.

चिकूवाल्याने सगळं शांतपणे ऐकलं. ‘‘दुसरा बॉल नव्हता का त्याच्याकडे?’’

‘‘होता ना! पण दंड लागतो.’’

‘‘मग घरी गेल्यावर बायको काय म्हणाली?’’

गोल्फच्या इतिहासकारांनी याकडे दुर्लक्ष केलेलं आहे. दाजी पहिल्यांदाच गप्प झाले आणि तेवढ्यात पालघर आलं.

पालघर आलं की डब्याचा विषय आपोआप शार्दूल ठाकूर होतो. इथल्याच माहीम गावचा पोरगा, खांद्यावर किट घेऊन याच गाड्यांनी मुंबईला सरावाला जायचा. आमच्या समोरच्या बाकावरच्या दोघांनी त्याला स्वतः उठून जागा दिली होती. दाराशी उभ्या असलेल्या एकाच्या भावानेही दिली होती. या मार्गावर जागा दिल्याचं सांगणारे सगळे खरे धरले, तर शार्दूल एकही दिवस उभा राहिलेला नाही. त्यातल्या एकाने जानेवारी 2021 ची गॅबा कसोटी काढली. सहा बाद 186, समोर कमिन्स, आणि आपल्या माणसाने खातं उघडलं ते षटकाराने. अर्धशतकही लायनला षटकार मारूनच. 67 काढले, वॉशिंग्टन सुंदरबरोबर 123 ची भागी केली. ‘‘तुम्ही लाइव्ह पाहिलं?’’ मी विचारलं. ‘‘मी डोंगरीवर होतो आत्याकडे, तिथे रेंज नाही,’’ तो म्हणाला, ‘‘पण आठवतंय सगळं.’’ दाजींनी त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं आणि खिडकीची जागा त्याला देऊ केली.

डहाणू रोडला उतरून जीपने चारोटी नाका ओलांडून विवळवेढ्याला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. महालक्ष्मीची यात्रा पंधरा दिवस चालते आणि त्या काळात आजूबाजूच्या तालुक्यांतलं, शिवाय सीमेपलीकडच्या गुजरातेतलं माणूस इथे येऊन जातं. पाळणे, बांगड्या, टोपल्या, मिरची, पातेली आणि सुक्या मासळीचे ढीग. बोंबील आणि सुकटाच्या वासात दाजी ऑगस्टाचे नियम सांगत होते. तिथे प्रेक्षकांना मोबाइल आत नेता येत नाही. पळता येत नाही. चीजचं सँडविच अजून दीड डॉलरला मिळतं. हे ऐकत असताना मागून आलेल्या एका लोंढ्याने दाजींना उचललं आणि ते थेट मौत का कुआँच्या तिकीटखिडकीशी उतरले.

यात्रेतला मोठा क्षण मध्यरात्रीचा. वाघाडी गावचा पुजारी देवीचा ध्वज घेऊन काळोखात मुसळ्या डोंगर चढतो आणि पहाटेच्या आधी शिखरावर तो लावतो. खाली हजारो माणसं वर बघत उभी असतात. गंमत अशी की तिकडे ऑगस्टात तिसऱ्या दिवसाच्या खेळात रोरी मॅकिलरॉय नेमका त्याच सुमाराला सुरुवात करत होता. मॅकिलरॉयला बाकीच्या तिन्ही मोठ्या स्पर्धा जिंकता आल्या होत्या, मास्टर्स तेवढी दहा वर्षं हुलकावणी देत होती. दाजींनी मोबाइल डोक्यावर धरला, मग काठीच्या टोकावर बांधून धरला. यात्रेतल्या गर्दीने टॉवरचं कंबरडं मोडलेलं. पडद्यावर रोरीचा अर्धा हात वर गेला आणि तिथेच गोठला.

‘‘काका, आलं का?’’ गुरुजीने विचारलं.

‘‘अर्धा स्विंग आलाय.’’

डोंगराच्या काळ्या आकृतीवर कुठेतरी हालचाल दिसली असं कुणीतरी म्हणालं आणि एकदम गलका उठला. मला काही दिसलं नाही. शेजारची म्हातारी हात जोडून नातवाला सांगत होती, ‘‘दिसला ना? बघ, दिसला.’’ तिचे डोळे मिटलेले होते. नातू मात्र दाजींच्या काठीवरच्या मोबाइलकडे पाहत होता. सकाळी कळलं की रोरीने पहिल्या सहाही होलवर तीन-तीन फटके घेतले. दाजींना जन्मभर पुरेल अशी आणखी एक न पाहिलेली आठवण मिळाली.

रविवारी तलासरीत ऊन असं होतं की कोंबड्यासुद्धा सावली सोडायला तयार नव्हत्या. भाताची शेतं एप्रिलात कोरडी ठणठणीत, भेगा पडलेली. दुपार कलल्यावर मी, दाजी आणि गुरुजी बांधावरून फिरायला निघालो. दूरच्या टेकाडावर एक लाल झेंडा फडकत होता. दाजी थबकले. डोळे बारीक केले, चिमूटभर माती वर सोडून वाऱ्याची दिशा घेतली. ‘‘दीडशे यार्ड,’’ म्हणाले, ‘‘सेव्हन आयर्नच.’’

गोल्फमध्ये होलापाशी झेंडा रोवलेला असतो, हे मी गुरुजीला समजावलं. तो हसला नाही. म्हणाला, ‘‘काका, तो बावटा आहे.’’ मग चालता चालता सांगितलं. इथले वारली सावकार-जमीनदारांकडे वेठीला राबायचे. लग्नाचं कर्ज फेडायला नवरा-बायको दोघंही गहाण पडायची, त्यांना लग्नगडी म्हणत. 1945 च्या मे महिन्यात याच तालुक्यात झरीला सभा झाली, लाल बावट्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर होत्या. वेठ करायची नाही, असं तिथे ठरलं. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी माणसं मेली. पण वेठ गेली ती गेलीच. ‘‘माझा आजा झरीला होता,’’ गुरुजी म्हणाला. ‘‘इथे ज्याला विचाराल त्याचा आजा होता.’’ लोकलमधल्या जागा देणाऱ्यांचा हिशेब मी इथे लावला नाही. झरीला खरोखरच हजारो माणसं जमली होती. दाजींनी काठी उलटी करून टेकायला घेतली आणि त्या झेंड्याकडे पुन्हा यार्ड मोजून पाहिलं नाही.

पुढच्या शेतात पोरं टेनिस बॉलने क्रिकेट खेळत होती. काठी पाहून ती गोळा झाली आणि दाजींचा वर्ग भरला.

‘‘ज्याचा स्कोअर कमी तो जिंकतो,’’ दाजी म्हणाले.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने विचारलं, ‘‘मग खेळायलाच नाही गेलं तर?’’

‘‘बक्षीस काय?’’ दुसरा म्हणाला. त्याच्या संघाने मागच्या स्पर्धेत बोकड जिंकला होता.

‘‘हिरवा कोट,’’ दाजी अभिमानाने म्हणाले. ‘‘आणि तोही वर्षभरानंतर क्लबातच ठेवायचा.’’

पोरांच्या चेहऱ्यावर जी कीव आली, ती पाहून मी घाईघाईने रोख रकमेचं सांगितलं. 42 लाख डॉलर, म्हणजे 36 कोटींच्या आसपास. यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बोकडवाला म्हणाला, ‘‘एवढे बोकड ठेवायचे कुठे?’’

रात्रीची तयारी गुरुजीने केली. त्याच्या घरात मोबाइल चालतो तो फक्त अंगणातल्या एका कोपऱ्यात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी. तिथे कधी महाराष्ट्राची रेंज येते, कधी गुजरातची. खुराड्यावर पाट, पाटावर स्टीलचा तांब्या आणि तांब्याला टेकवलेला मोबाइल. तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी खाऊन आम्ही खाटा ओढल्या. बाराच्या सुमाराला रोरी निघाला.

पुढचे चार-पाच तास माझ्या लक्षात तुकड्यातुकड्यांनी आहेत. गुरुजी विचारायचा, दाजी सांगायचे. बर्डी म्हणजे काय, कॅडी म्हणजे कोण. तेराव्या होलवर रोरीने अगदी सोपा चेंडू पाण्यात घातला तेव्हा दाजी किंचाळले, ‘‘व्हान द वेल्ड!’’ पंधराव्यावर चेंडू झाडांच्या आड होता. रोरीने हातात घेतली सेव्हन आयर्न. दाजी उभे राहिले. स्वतःची काठी त्यांनी दोन्ही हातांत धरली. तिकडे चेंडू झाडांना वळसा घालून हिरवळीवर होलाजवळ जाऊन बसला. इकडे दाजींचा स्विंग, आयुष्यातला पहिला आणि पूर्ण, खुराड्याच्या कुडाला लागला. तांब्या गडगडला, मोबाइल शेणाच्या टोपलीत गेला आणि रात्री पावणेचारच्या सुमाराला तलासरी तालुक्यातल्या त्या पाड्यावरचे सगळे कोंबडे आरवले. शेजारची माणसं चूल पेटवायला उठली. त्यांना परत झोपवायला गुरुजीला घरोघर जावं लागलं.

मोबाइल पुसून लावला तेव्हा शेवटचा होल आला होता. जेमतेम पाच फुटांवरचा हलका फटका, होलात गेला की मास्टर्स खिशात. रोरीने तो चुकवला. जस्टिन रोझशी बरोबरी.

दाजींनी मोबाइल गुरुजीच्या हातात दिला. ‘‘संपलं,’’ म्हणाले. ‘‘आता रोझच. 1996 ला ग्रेग नॉर्मनचं असंच झालं. सहाची आघाडी घालवली होती त्याने. मला हे पुन्हा बघवणार नाही.’’ आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी तर त्यांच्या आधीच गेलो होतो.

सकाळी नाक्यावरून भीमगीतांचा आवाज येत होता. 14 एप्रिल, बाबासाहेबांची जयंती. गुरुजी चहा घेऊन आला तेव्हा त्याचे डोळे तांबारलेले होते.

‘‘काका, जिंकला तुमचा माणूस.’’

दाजी ताडकन उठून बसले.

‘‘टाय झाली म्हणजे सुपर ओव्हर असणारच ना,’’ गुरुजी म्हणाला. ‘‘मी बसून राहिलो. दोघंही त्याच शेवटच्या होलवर परत गेले. रोझचा हुकला. याचा चेंडू मुद्दाम ठेवल्यासारखा होलाजवळ पडला होता, तो गेला. मग तो गुडघ्यांवर बसला आणि रडायला लागला, एकदम लहान पोरासारखा. भावाला मिठी मारली. मग त्याची छोटी मुलगी आली. मला पण भरून आलं.’’

ज्याला त्याने भाऊ म्हटलं तो कॅडी, हॅरी डायमंड, रोरीचा बालमित्र. दाजींना हे पाठ आहे. पण त्या वेळी ते काहीच बोलले नाहीत. चहा थंड होईपर्यंत गुरुजीला एकेक गोष्ट पुन्हा विचारत राहिले. टोपी फेकली का? आधी कोण आला? आभाळ कसं होतं?

दुपारी तलासरी स्टँडवर एसटीची वाट पाहत होतो. निळे झेंडे लावलेले टेम्पो नाक्यावरून जात होते. शेजारी एक तरुण बसला होता, त्याची नजर काठीवर गेली आणि त्याने विचारलं, ही कसली? मी पाण्याची बाटली भरायला गेलो. परत आलो तेव्हा दाजी रंगात आले होते.

‘‘...पहाटेची वेळ, इथेच, तुमच्या तलासरीत. डोळ्यांनी पाहिलं मी. गुडघ्यांवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. भाऊ धावत आला त्याचा...’’

‘‘पण पाच फुटांवरून चुकला होता म्हणता ना?’’ तरुण म्हणाला.

‘‘ते आधी,’’ दाजी म्हणाले. ‘‘जिंकला तो सुपर ओव्हरमध्ये.’’