मोसंब्यावरचं न्यूयॉर्क

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर किती, असं आमच्या घरात कुणी विचारायची खोटी, मी दोरा आणायला उठतो. 'साडेबारा हजार किलोमीटर' एवढं सांगून गप्प बसणाऱ्यांतला मी नव्हे. मोसंब्यावर बॉलपेनने दोन ठिपके काढायचे, दोरा ताणून धरायचा आणि बजावायचं, "बघा, जवळची वाट अरबस्तानावरून सरळ पश्चिमेला जात नाही. ती उत्तरेला चढते आणि आइसलंडवरून खाली उतरते. नकाशा सपाट आहे, पृथ्वी नाही!" एवढ्या अधिकाराने बोलणारा मी आजवर एकदाच विमानात बसलोय. नागपूरला जाताना.

धाकटा भाऊ न्यू जर्सीला निघाला त्या रात्री, डोंबिवलीच्या घरात बॅगा काट्यावर चढत-उतरत असतानाही माझा दोरा ताणलेलाच होता. जाताना साधारण सोळा तास, येताना तास-दीड तास कमी, कारण वरचे जेट स्ट्रीम वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, वगैरे. आईने माझ्या हातातलं मोसंबं काढून घेतलं, न्यूयॉर्कसकट सोललं आणि फोडी त्याच्या हातावर ठेवल्या.

वेळेच्या फरकाबद्दल मात्र माझं जुनं भांडण आहे. हिवाळ्यात तो साडेदहा तास. हा 'साडे' आला मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशाच्या रेखावृत्तामुळे. आमच्या मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे. 1906 साली देशाची प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली एकोणचाळीस मिनिटं 1955 पर्यंत सोडली नाहीत. तो बाणा टिकला असता, तर धाकटा आज साडेदहाऐवजी 9 तास 51 मिनिटंच मागे असता. त्याने कुणाची काय सोय झाली असती, असं बायको विचारते. काही माणसांना इतिहासाची ओढच नसते.

आईने सोपा मार्ग काढला. माळ्यावरचं जुनं घड्याळ उतरवून मोठ्या घड्याळाशेजारी लावलं आणि अमेरिकेच्या वेळेवर ठेवलं. त्याचं नाव 'धाकट्याचं घड्याळ'. भाजी निवडता निवडता ती वर बघून म्हणायची, "उठला असेल." नोव्हेंबरात तिकडे घड्याळं तासभर मागे करतात हे मी समजावलं, तेव्हा म्हणाली, "मेल्यांना एक घड्याळ धड सांभाळता येत नाही?"

आई गेली तेव्हा त्याला पहिला फोन मीच केला. तिकीट, विमानतळ, विमान, मग सहारहून डोंबिवली. दारात पोचायला त्याला सत्तावीस तास लागले. येणारा प्रत्येक जण विचारत होता, अजून किती वेळ? मी कुणालाही आइसलंड सांगितलं नाही. "निघालाय," एवढंच म्हणत होतो.

धाकट्याचं घड्याळ अजून भिंतीवर आहे. मार्चमध्ये ते तासभर पुढे करायचं काम आता माझ्याकडे आहे.