खापर दाईच्या माथी

"वहिनी, कपडे वाळत घालून झाले का? मग या जरा कुंपणापाशी. त्या एनोनचं सांगायचंय."

"कोण एनोन? कोपऱ्यावरच्या बंगल्यात नवीन आल्यात त्या?"

"छे हो! रासीनच्या 'फेद्र'मधली दाई. पॅरिसमधलं १६७७ सालचं नाटक. धाकटीला अभ्यासाला आहे, भाषांतर पडलेलं दिसलं, दुपारी वाचून काढलं. राणी फेद्र सावत्र मुलावर, इपोलितवर, भाळलेली. तीन दिवस अन्नाला शिवली नाही. दाई रडते, म्हणते, तुझ्यापायी देश सोडला, पोटची पोरं सोडली, आणि मलाच सांगत नाहीस? तेव्हा कुठे नाव बाहेर पडतं."

"नसत्या चौकशा!"

"अहो, मग आपल्याला कळणार कसं? ग्रीकांच्या नाटकात ऐकायला बायकांचा कोरस असायचा. रासीननं तो काढला आणि एकेकाला हक्काचं माणूस दिलं. इपोलितला त्याचे गुरुजी, त्याच्या आवडतीला सखी, राणीला ही दाई."

"बरं, पुढे?"

"राजा गेल्याची बातमी येते. दाई म्हणते, आता यात पाप कसलं? राणी पोराला सांगून बसते, त्याचीच तलवार ओढून घेते. आणि राजा जिवंत परत!"

"अगंबाई!"

"दाई म्हणते, आळ त्याच्यावरच घेऊ, तलवार आहेच पुराव्याला. राणी म्हणते, तुला हवं ते कर."

"म्हणजे होकार राणीचा."

"तेच तर! युरिपिडीसच्या जुन्या नाटकात राणी स्वतःच आळ घेते, गळफास लावताना चिठ्ठी ठेवते. रासीननं प्रस्तावनेत सरळ लिहिलंय, असला हलकटपणा राणीला शोभेना, म्हणून दाईकडे दिला."

"वा रे वा! मोठ्यांच्या घरी कपबशी फुटली की ती कामवालीनंच फोडलेली असते."

"राणी तिला शिव्याशाप देऊन हाकलते, ती समुद्रात उडी घेते. मग पोरगा जातो, राणी विष घेते. मरताना राजापुढे कबुली देते खरी, पण त्यातही दाईचं नाव आहेच."

"आणि दाईसाठी रडतं कोण?"

"कुणी नाही. पोराचं मरण गुरुजी सत्तरावर ओळी सांगतात. दाई बुडाल्याचं एक दासी येऊन सांगते, चार ओळींत. मी मोजल्या."