शासन विरुद्ध आमचा मॉस्फेट

बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरवर माझा राग नाही. शंभर मिलिअँपिअर एवढीच त्याची ऐपत, आणि तो त्यापलीकडचा आव आणत नाही. या बाबतीत तो माझ्याहून समजदार. पण मेहुण्याच्या ई-सिगारेटची कॉइल होती १.८ ओहमची आणि सेल ३.७ व्होल्टचा. म्हणजे करंट दोन अँपिअर. हा भागाकार तोंडी होतो, तरी मी तो चष्मा पुसून, कागदावर, खाली दोन रेघा ओढून केला. सासरची मंडळी बघत होती.

गोष्ट २०१७ ची. तेव्हा त्या वस्तूवर देशभरची बंदी आलेली नव्हती. एवढा सगळा करंट टिचभर बटणातून जात होता म्हणून बटण जळले होते. नवे बटण दहा रुपयांत मिळाले असते. पण दहा रुपयांत जावयाची प्रतिष्ठा वाढत नाही. मी म्हणालो, "बटणानं फक्त इशारा द्यायचा, भार ट्रान्झिस्टरनं उचलायचा." सासूबाईंनी मान डोलावली. त्यांना तो जावयांचाच एखादा नियम वाटला असावा.

आधी आठवला टू एन ३०५५. लोखंडी टोपी घातलेला, पंधरा अँपिअर पेलणारा, माझ्या तरुणपणीचा पहिलवान. पण दोन अँपिअर नीट सोडायला त्याच्या बेसला आधी दोनेकशे मिलिअँपिअर चारावे लागतात, शिवाय तो बसवला असता तर सिगारेट ओढायला हातगाडी लागली असती. मग टिप १२२. हा डार्लिंग्टन, थोड्या बेस करंटवर खूश होतो. मात्र भार वाहताना एक व्होल्टच्या आसपास स्वतःच गिळतो. ३.७ च्या योजनेत एक व्होल्ट मधल्यामध्ये गायब व्हावा, तसे रस्ते आमच्याकडे पुष्कळ आहेत. आणखी एकाची गरज नव्हती.

उरला मॉस्फेट. इथे हौशी माणसाची खरी परीक्षा. आयआरएफझेड ४४ एनच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर ४९ अँपिअर छापलेले असतात, आणि ते वाचून छाती फुगते. पण तो आकडा आणि त्याचा तो सुप्रसिद्ध १७.५ मिलिओहम रोध, दोन्ही गेटला दहा व्होल्ट दिल्यावरचे. दोन ते चार व्होल्टला तो 'सुरू होतो' असे आत लिहिलेले असते. सुरू होतो म्हणजे अडीचशे मायक्रोअँपिअर सोडतो! आपल्या सेलमध्ये भरलेला असताना ४.२ आणि दमल्यावर ३.२ व्होल्ट. म्हणून नावात एफऐवजी एल असलेला आयआरएलझेड ४४ एन हवा. तो एक ते दोन व्होल्टला जागा होतो, आणि चार व्होल्टला पस्तीस मिलिओहमच्या आत राहण्याची कंपनीची हमी असते. गेटपासून सोर्सला दहा किलोओहमचा रेझिस्टर लावायचा, नाहीतर मोकळे गेट हवेतल्या कशानेही चाळवते आणि लिथियमच्या सेलसकट खिसा तापतो. हे सगळे मी मेहुण्याला समजावले. तो म्हणाला, "भाऊजी, हे तं खर्र्यापेक्षा अवघड आहे जी."

आता खर्रा म्हणजे अवघडच. नागपूरहून मागवलेला मॉस्फेट निघाला तेव्हा वर्धा नदीला पूर होता, बल्लारपूरच्या पुलावरून पाणी, आणि आम्ही अलीकडे, राजुऱ्यात. त्या दिवसांत मेहुण्यासोबत पानठेल्यावर मी जो अभ्यास केला तो वाया जाऊ नये असे फार वाटते. कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना. सगळे पन्नीत घेऊन फळीवर तळव्याने घोटायचे. किती घोटायचे याला माप नाही. गिऱ्हाईक बोलत राहते, घोटणारा हात थांबत नाही. कच्चा घोटला तर चुना जीभ कापतो. जास्त घोटला तर माल लगदा होतो. काही ठिकाणी आता मोटरची मशीन आली आहे. जाणते तिच्याकडे तुच्छतेने पाहतात, हातच्या खर्र्याची गोष्ट वेगळी म्हणतात. तंबाखूही नंबराने मागायची. एका बाजूला मी 'चव्वेचाळीस एन' पुटपुटत उभा आणि शेजारी माणूस 'एकशेवीस' मागतोय. ठेलेवाल्याला आमच्यातला कोण जास्त बिघडलेला हे ओळखणे कठीण गेले असेल. शिवाय शिष्टाचार आहे: पुडी उघडली की आधी समोरच्यापुढे धरायची. लग्नाची बोलणी, शेताचा बांध, खाणीतली पाळी बदलून घेणे, सगळे या पुडीवर ठरते. मी नको म्हटले की लोक आजारी आहात का विचारत.

आजारी मी नव्हतो. मेहुणा खर्रा सोडायला म्हणून ई-सिगारेटकडे का वळला होता, ते मला नंतर कळले. घरी आलूबोंडे होते, सगळे रश्शात बुडवून खात होते, आणि तो बोटांनी कुस्करून तुकडे आत सरकवत होता. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटे उभी मावतात. त्याच्या तोंडात दीड. सुपारीने आतली कातडी हळूहळू दोरीसारखी घट्ट होत जाते, आणि ती पूर्ववत होत नाही. त्यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो. चाळिशीच्या आतला, खाणीवर डंपर चालवणारा माणूस. मला दोन अँपिअरची काळजी होती. निकोटीनची वाफ हे काही त्यावरचे औषध नव्हे, हे तेव्हा त्यालाही ठाऊक होते आणि मलाही; पण औषध म्हणून माझ्याकडे सोल्डरिंगच होते.

मॉस्फेट आला, बसला, चालला. जोडीचा दुसरा होता, त्याचे मी निक्रोम तारेचे कटर केले. गणपतीच्या मखरासाठी थर्माकोल लोण्यासारखा कापी. मार्च २०१८ मध्ये राज्याने थर्माकोलच्या मखरावर बंदी आणली. १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्राने वटहुकूम काढून ई-सिगारेट बंद केली. डिसेंबरात कायदा झाला. बनवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुंबई आणि दिल्ली, दोन सरकारे, आणि निशाणा माझे दोन मॉस्फेट! एवढी दखल माझ्या गणिताच्या अध्यापनाची कोणी घेतलेली नाही. मी ती वस्तू रीतसर सुटी केली, आणि बातमी दाखवत काही दिवस गावभर हिंडलो.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पुढे सुगंधित तंबाखूवरही आली. आमच्या जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदीसुद्धा झाली, गेली. ई-सिगारेट मात्र राजुऱ्यातून एका वटहुकुमात नाहीशी झाली, कारण ती होतीच एक. पन्नी चौकात तशीच घोटली जाते. हसू येते, आणि लगेच येईनासे होते.

मेहुण्याने पुढे खर्रा सोडला, डॉक्टरने त्याला घाबरवून. आता तो रोज आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांत धरून बसतो. तोंड थोडे उघडले की चळतीत एक काडी वाढवायची. परवा काड्या काढून म्हणाला, "भाऊजी, हे आपोआप वाढवनारं काही मशीन नाही बनत का जी?" त्याची बहीण, म्हणजे माझी बायको, त्याला दटावत होती. मी गिअर असलेली छोटी मोटर, ती उलटसुलट फिरवायला चार मॉस्फेट, असे कागदावर काढायला घेतले होते.